प्लगच्या भोकातून दिसलेला कार्बन

गाडी चार सिलिंडरची, ११९७ सीसीची, पोर्ट इंजेक्शनची (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, इनलेट व्हॉल्व्हच्या आधी फवारणारी) पेट्रोल हॅचबॅक. रनिंग शहरातलं, सकाळी तीन-चार किलोमीटर आणि संध्याकाळी तितकंच. तक्रारी अशा: सकाळी सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर आयडलिंग वरखाली होतं, सिग्नलला उभी असताना एसी लावला की इंजिन थरथरतं, घाटात तिसऱ्या गिअरला कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खडखड असा नॉकिंगचा आवाज येतो, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकवरचं ऑइल ठळक खाली जातं.

यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, कार्बन काढून घ्या. पण इंजिनाला कार्बन एका जागी धरत नाही. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, पाकळीच्या कडेला जो असतो, तो ऑइलची वाफ आणि धूळ मिळून झालेला मऊ, तेलकट थर. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर भाजलेल्या ऑइलचा थर. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) छतावर अर्धवट जळलेल्या इंधनाचा कडक खरपुडा. आणि पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या खाचांत ऑइल जळून झालेलं चिकट वार्निश. पहिला स्प्रेने मिनिटात निघतो, तिसऱ्याला रात्रभर भिजवावं लागतं, चौथा निघेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून क्लीनरचा डबा उघडण्याआधी कार्बन नेमका कुठे आहे हे बघण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. आम्ही तेच केलं, आणि त्या अर्ध्या दिवसानेच खरं कारण सापडलं.

तपासणीची सुरुवात ओबीडी रीडरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्राने, केली. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा रीडर पुरतो. गाडी वीस मिनिटं चालवून कूलंटचं तापमान बघितलं, तर ते ६८ ते ७० अंशांच्या वर जाईना. बहुतेक पेट्रोल इंजिनांत थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे गरम झालेल्या इंजिनाचा आकडा तिथून वरचाच हवा. हाउसिंगचे दोन बोल्ट खोलले तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. गाडी गरम होऊ नये म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि आमच्या मते ती इंजिनावर अन्याय करणारी आहे. इंजिन थंड राहिलं की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून वॉर्म-अपच चाललाय, मग तो पेट्रोल जास्त सोडतो. ते पूर्ण जळत नाही. शिवाय ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. आणि तीन किलोमीटरच्या रनिंगमधे या सगळ्याला जळून साफ व्हायची संधीच मिळत नाही. नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट आणि कूलंट हे काम कार्बनच्या आधी उरकलं. ते न करता नुसतं इंजिन धुतलं असतं तर तोच थर पुन्हा बसला असता.

मग प्लग. इंजिन तापलेलं असताना काढायचे नाहीत, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने गरमीत आटे ओढले जातात. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढल्यावर आधी प्लगच्या विहिरीत हवा मारून माती उडवायची, नाहीतर प्लग निघताक्षणी ती सिलिंडरमधे पडते. चारही प्लग काढल्या क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून लावून ठेवले. एक, दोन आणि चार नंबरचे कोरडे काळे, काजळीसारखे, बोटाने पुसले जाणारे. हे जास्त पेट्रोल आणि थंड इंजिनाचं लक्षण. तीन नंबरचा मात्र ओला, तेलकट काळा. तिथे ऑइल येत होतं, एकतर रिंगांतून नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलमधून.

या दोनांतलं कोणतं, हे कॉम्प्रेशन टेस्टरने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरने, कळतं. इंजिन गरम करून, थोडं निवल्यावर चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सोडलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. काटा वर जायचा थांबेपर्यंत पाच-सहा फेरे. आकडे मिळाले १८४, १८२, १४६ आणि १८३ पीएसआय. सिलिंडरांमधे दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, इथे तीन नंबर वीस टक्के खाली होता. मग तीन नंबरमधे चमचाभर, साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा १७२ वर गेला. ऑइलने फट बुजून आकडा चढला म्हणजे गळती रिंगांतून. चढला नसता तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही असा अर्थ निघाला असता, आणि मग भिजवून काही उपयोग नव्हता. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे पिस्टनवर कार्बन कमी असतो, पण व्हॉल्व्ह सीट झिजून आणि क्लिअरन्स कमी होऊन कॉम्प्रेशन पडतं. लक्षणं जवळपास सारखीच, इलाज पूर्ण वेगळा.

शेवटी कॅमेरा. मोबाइलला जोडायचा, साडेपाच मिलिमीटर जाडीचा, टोकाला दिवे असलेला. प्लगच्या भोकातून तो आरामात जातो. पिस्टनच्या डोक्यावर कोरड्या, भेगाळलेल्या चिखलासारखा थर होता, फक्त इनलेट व्हॉल्व्हच्या बाजूला धातू दिसत होता. तीन नंबरच्या कडेला ओलसर काळं कडं होतं. फोटो काढून ठेवले, आधीचे फोटो नसतील तर नंतर काय सुधारलं हे ठरवता येत नाही.

हा थर नॉकिंग का घडवतो, त्याचा एक हिशोब आहे. एका सिलिंडरचं विस्थापन साधारण २९९ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) १०:१ धरला तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा २९९ भागिले ९, म्हणजे सुमारे ३३ मिली. ७३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर पाव मिलिमीटर थर बसला तर तो जवळपास १ मिली जागा खातो. ३३ चे ३२ झाले की रेशो १०.३ च्या वर जातो. हे एवढंसं वाटेल, पण त्याहून वाईट म्हणजे कार्बन उष्णता धरून ठेवतो, त्याचे टोकदार कण निखाऱ्यासारखे तापतात आणि मिश्रण वेळेआधी पेटवू पाहतात. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो, आणि गाडी ओढत नाही.

हा ३३ मिलीचा आकडा पुढे फार महत्त्वाचा आहे.

थ्रॉटल बॉडीचं काम त्याच दुपारी झालं, त्यात फार काही नाही. एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपचा क्लिप सोडला, बॉडी काढून घेतली, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारून पाकळी आणि तिच्या भोवतालचं कडं पुसलं, मऊ टूथब्रशने कड घासली. पाकळी बसते त्या जागी काही बॉडींना कारखान्यातच काळसर लेप दिलेला असतो, तो कार्बन समजून घासणीने खरवडू नये. इलेक्ट्रॉनिक बॉडीची पाकळी कनेक्टर लावलेला असताना बोटाने ढकलू नये, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. स्प्रे सरळ शाफ्टच्या टोकांवर मारू नये. आणि हवा मोजणारा एमएएफ सेन्सर वाटेत असेल तर त्याला कार्ब क्लीनर लावायचाच नाही, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो. साफ केल्यावर आयडलिंग काही वेळ चढं राहतं. घाणीमुळे अडलेली हवा भरून काढायला ईसीयू पाकळी जास्त उघडायला शिकलेला असतो, ते त्याने विसरावं लागतं. पंधरा मिनिटं सगळे लोड बंद ठेवून, मग एसी लावून आयडलला ठेवल्यावर बहुतेक गाड्या स्थिरावतात. काहींना स्कॅनरनेच रीसेट द्यावा लागतो.

आता मुख्य काम. जागा मोकळी हवी, बंद गॅरेज किंवा बेसमेंटचं पार्किंग नको. जवळपास उदबत्ती, सिगारेट, वेल्डिंग काहीही नको. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, शेजारी अग्निशामक. बॅटरीचा निगेटिव्ह सोडलेला.

द्रावण कोणतं, यावर खूप मतं आहेत. रॉकेल आणि डिझेल तेलकट थर मऊ करतात, कडक खरपुड्यावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. रॉकेलमधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) मिसळायची पद्धतही आहे, ती अडकलेल्या रिंगांना थोडी मदत करते, पण वेळ दिवसांत मोजावा लागतो. आम्ही पॉलीइथर अमाइन असलेलं, पिस्टन भिजवण्यासाठीच विकलं जाणारं द्रावण वापरलं. लेबलवर हे नाव शोधावं, 'कार्बन क्लीनर' एवढ्याच शब्दांवर विश्वास ठेवू नये. कॉस्टिक सोडा, ओव्हन क्लीनर किंवा नाली साफ करायची पावडर पाण्यात कालवून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नये. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचेच असतात.

इंजिन आधी दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो. कोमट धातूवर द्रावण चांगलं काम करतं, तापलेल्या धातूवर त्याची वाफ होते आणि ती धोक्याची. प्लग काढून चारही पिस्टन एका उंचीवर आणले. एक आणि चार वर असतात तेव्हा दोन आणि तीन खाली असतात, तिथून क्रँक ९० अंश फिरवला की चारही अर्ध्यापेक्षा थोडे खाली, एका पातळीत येतात. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवायचं. हे इंजिन पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं. पातळी बघायला प्रत्येक भोकात फुग्याची लांब प्लॅस्टिकची काडी सोडली. धातूची सळई नको, पिस्टन खरचटतो आणि फिरवताना अडकून वाकते.

प्रत्येक सिलिंडरला ४० मिली द्रावण, सिरिंजला सलाईनची नळी लावून. भोकांवर प्लग हातानेच हलके बसवले, माती पडू नये इतकेच. दोन तासांनी कॅमेऱ्याने पातळी बघितली. एक, दोन, चारमधे द्रावण बरंचसं जागेवर होतं, तीन नंबरमधे जवळपास संपलं होतं. अडकलेल्या रिंगा पसरत नाहीत, त्यांच्या फटीतून ते खाली ऑइलमधे उतरतं. तीनमधे पुन्हा २० मिली टाकलं आणि रात्रभर, एकूण बारा तास, तसंच ठेवलं.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. द्रावण पिस्टनच्या डोक्यावर साठतं, हेडच्या छताला आणि व्हॉल्व्हना ते लागत नाही. शिवाय बहुतेक इंजिनं गाडीत थोडी कललेली बसवलेली असतात, त्यामुळे ते एका बाजूला जास्त जमतं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात नेमकं तेच दिसलं. पिस्टनचा मोठा भाग उघडा पडला होता, आणि वरच्या कडेला चंद्रकोरीसारखा कार्बन तसाच होता.

आता द्रावण बाहेर काढणं. या टप्प्यावर घाई केलेली इंजिनं दुरुस्तीला जातात. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३३ मिली, आणि आपण टाकलंय ४०. द्रव दाबला जात नाही. प्लग लावून कोणी सेल मारला तर पिस्टन वरपर्यंत जाऊच शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे आधी सिरिंजने जितकं निघेल तितकं ओढून घेतलं. निघालं ते डांबराच्या पाण्यासारखं काळं, तळाशी काळी वाळू. मग पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, कुठे अडतंय का बघत. त्यानंतर बॅटरी जोडली, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेलाच, कॉइल गाडीपासून लांब ठेवलेल्या, भोकांवर जुनी चादर सैल घातलेली, आणि मग सेल, पाच-पाच सेकंद, तीन वेळा. भोकांवर वाकून बघत उभं राहायचं नाही, उरलेलं द्रावण पिचकारीसारखं उडतं, डोळ्यांत आणि गाडीच्या रंगावर. कॉइल लांब ठेवायचं कारण हेच, वाफ आणि ठिणगी एकत्र आली की आग.

खरवडायचा मोह होतो, तो टाळावा. सुटलेला मोठा तुकडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या खाली अडकला तर ते सिलिंडर मिसिंग करायला लागतं. बहुतेक वेळा चालवताना तो जळून जातो, पण तोवर उगाच हेड खोलायची चर्चा सुरू होते. द्रावणाने सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइलही धुतलं जातं, म्हणून प्रत्येक भोकात अर्धा चमचा ताजं ऑइल सोडून क्रँक पुन्हा हाताने फिरवला.

इंजिन ऑइल सुरू करण्याआधी बदललं. काही डब्यांवर आधी चालवा, मग बदला असं लिहिलेलं असतं, आम्हाला ते पटत नाही. १८० मिली टाकलं आणि सिरिंजने जेमतेम १०० निघालं. काही चादरीत आणि हवेत गेलं, बाकीचं खाली ऑइलमधे. पातळ झालेलं ऑइल क्रँकच्या बेअरिंगना नीट आधार देत नाही. खालचा बोल्ट खोलून सगळं ओतून घेतलं, नवा वॉशर लावला, योग्य ग्रेडचं पण स्वस्तातलं ऑइल भरलं, फिल्टर जुनाच ठेवला. हे ऑइल फक्त धुण्यासाठी.

प्लग नवे घेतले, गॅप एक मिलिमीटरचा. आटे १४ मिलिमीटरचे आणि गॅस्केट असलेला प्लग असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग बोटांनी पूर्ण बसवून पुढे अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस नको, तो लावला की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

सुरू करताना दाट पांढरा धूर निघतो, चार-पाच मिनिटं आणि उग्र वासाचा. सोसायटीत आधी सांगून ठेवावं, लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण लांब असावेत. आरपीएम दोन-अडीच हजारांच्या वर नेलं नाही. धूर विरळ झाल्यावर गाडी हायवेला नेली आणि ३० किलोमीटर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे तीन हजार आरपीएम धरून चालवली. पिस्टनवरचा मऊ झालेला, छतावरचा सुकलेला थर या चालवण्यात उडतो. नुसतं आयडलला ठेवून ते होत नाही. परत आल्यावर ऑइल काढलं, काळं शाईसारखं, आणि आता चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर.

नंतरचं कॉम्प्रेशन: १७९, १७८, १६८, १७९. तीन नंबरच्या रिंगा सुटल्या, पूर्ण नव्या इंजिनासारख्या नाहीत, पण मर्यादेत आल्या. बाकी तिघांचा आकडा थोडा उतरला. तो बिघाड नाही, जागा व्यापून बसलेला कार्बन गेल्याची ती खूण आहे. नॉकिंग थांबलं, थरथर गेली. छतावरचा थर कॅमेऱ्यात अजून दिसतो, अर्ध्याहून कमी. त्याच्यासाठी पुन्हा भिजवण्यात अर्थ नाही. पेट्रोलच्या टाकीत त्याच रसायनाचं अ‍ॅडिटिव्ह दोन टाक्या, आणि गरम इंजिनाने लांब रनिंग, हा त्याचा मार्ग.

ही पद्धत सगळ्या गाड्यांना लागू नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत खरी अडचण इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर असते. पेट्रोल थेट सिलिंडरमधे जात असल्याने ते व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत, टाकीतलं अ‍ॅडिटिव्हही तिथे पोचत नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून, व्हॉल्व्ह बंद ठेवून अक्रोडाच्या कवचाचा भुसा मारावा लागतो, ते घरचं काम नव्हे. डिझेलमधे थर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात सोडणारा) आणि मॅनिफोल्डमधे असतो, ते सुटे काढून, बाहेर साफ करायचे. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या पाइपमधे क्लीनर कधीच मारू नये. हवेसोबत आत जाणारं ज्वलनशील काहीही ते इंधन म्हणून जाळतं, इंजिन बेफाम पळतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. हायड्रोजन मशीनने अर्ध्या तासात कार्बन काढून देणारे भेटले तर एकच मागणी करावी: आधी आणि नंतर, त्याच प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून दाखवा.

या गाडीचं कूलंट आता ८८ ते ९२ अंशांवर राहतं. आठवड्यातून एकदा ती तासभर मोकळ्या रस्त्यावर न्यायची असं ठरलंय, आणि मायलेज वाचवायला चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकणं बंद. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली ऑइलची वाफ बाहेर ओढणारा) काढून हलवून बघितला, खुळखुळा वाजला, म्हणजे मोकळा आहे. दर १००० किलोमीटरला, सपाट जागी, गार इंजिनाला डिपस्टिक बघून आकडा वहीत लिहायचा. पहिल्या हजारात पातळी काटाभरही उतरली नाही. तीन नंबरचा प्लग तीन हजारांना काढून बघायचा आहे. टोक कोरडं, फिकट तपकिरी दिसलं तर रिंगांचं काम झालं. पुन्हा ओला निघाला तर व्हॉल्व्हची सील बदलायला हेड कव्हर उघडावं लागेल.